सुरतेची वाट थाळनेरवरून

विल्यम फिंच नावाचा एक इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून आग्र्याकडे निघाला. किती कोस चाललो, गाव कसं, रस्ता कसा, हे तो वाटेत लिहून ठेवी. नंदुरबार झालं, निमगूळ झालं, शिंदखेडा झालं आणि तो थाळनेरला आला. थाळनेरबद्दल त्याने मोजकंच लिहिलंय. वाट चोराचिलटांची, गाव चांगलं, किल्ला आहे, नदी आहे, आणि पावसाळ्यात होडीवाचून ती ओलांडता येत नाही. मग तो चोपड्याला गेला आणि यावल, रावेर करत बुऱ्हाणपूरला पोचला.

ही नोंद वाचताना मला हसू आवरेना. आमच्या आप्पांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, थाळनेरचं वर्णन जवळजवळ याच क्रमाने केलं होतं. आधी चोर, मग गाव, मग किल्ला, आणि शेवटी नाव. आप्पांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. फिंच हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं असणं शक्यच नाही. मधल्या साडेतीनशे वर्षांत राज्यं चार-पाच बदलली, पण थाळनेरच्या वाटसरूला पडणारे प्रश्न बदलले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आमचं आजोळ तापीच्या उत्तर काठाला, थाळनेरच्या पंचक्रोशीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आम्ही भाचरं तिथं जमायचो ते शाळा उघडायच्या तोंडावर परतायचो. रात्री अंगणात खाटा पडत. आप्पा, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि नदीवरून आलेला एखादा म्हातारा नावाडी असा फड जमे. बोलणं अहिराणीत. त्या गप्पांत सुरत इतकी यायची की लहानपणी मला वाटे, सुरत म्हणजे नदीच्या पुढच्या वळणावर असलेलं गाव. मुंबई मात्र क्वचित यायची, आणि आलीच तर नोकरीच्या संदर्भात. “आठला कापूस तठे, तठलं मीठ आठे,” आप्पा म्हणायचे. सगळा व्यापार त्यांनी या एका वाक्यात बसवला होता.

त्यांच्या आजोबांच्या काळची गोष्ट ते सांगत. दिवाळी झाली, वाटा सुकल्या की गाड्या जुंपायच्या. कापसाच्या गासड्या, गहू, कधी तीळ. एकट्या गाडीने कुणी निघत नसे. पाच-पन्नास गाड्या एकामागे एक, पुढे-मागे भालेवाले. नंदुरबारपर्यंत मुलूख सपाट, पुढे जंगल. उतरणीला चाकामागे लाकूड बांधून गाडी रोखायची. परतताना मीठ, नारळ, सुपारी, खारका, तांब्याची भांडी. मिठाच्या गोण्या पावसाच्या आत घरी पोचल्या पाहिजेत, नाहीतर माल वाटेतच विरघळून जायचा. हे शेवटचं सांगताना आप्पा गालातल्या गालात हसत, कारण त्यांच्या घराण्यात एकाचं तसं झालं होतं आणि सोयरे त्यावरून पुढे दोन पिढ्या टोमणे मारत होते.

नकाशा समोर ठेवला की या गप्पांचा उलगडा होतो. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि पश्चिमेला सह्याद्री खाली उतरून जवळजवळ संपलेला. मुंबईकडे जायचं तर घाट चढून नाशिकवर जा आणि पुन्हा थळघाट उतरा. सुरतेकडे जायला नदीचं खोरंच वाट काढून देतं, मध्ये कोंडाईबारीसारखी एखादी खिंड. रेल्वे येण्याआधी खानदेशचं बंदर सुरत होतं, यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य असलंच तर आपण ते विसरलो याचं. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला विचारा, तो सांगेल की आमचा समुद्राशी काय संबंध, आम्ही कोरडी माणसं. केळी, कापूस, भरीत आणि कळण्याची भाकरी. मिठाचं नाव तो घेत नाही.

आता आप्पांच्या ज्या गोष्टीवर माझा विश्वास बसला नाही, ती सांगतो. ते म्हणत, एके काळी थाळनेरच्या किल्ल्याखाली गलबतं लागायची. शिडांची. सुरतेहून थेट. फडातले सगळे म्हातारे माना डोलवायचे.

हे झालेलं नाही. तापी खानदेशात दोन्हीकडे उंच दरडी राखून खोल वाहते, उन्हाळ्यात जागोजाग गुडघाभर पाणी असे आणि मध्येच काळ्या खडकाचे पट्टे उघडे पडत. प्रकाशाच्या पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि नदी चेंगरून खडकांवरून उड्या घेत जाते. त्या जागेला जुनी माणसं हरणफाळ म्हणत. हरीण उडी मारून पलीकडे जाईल इतकं पात्र अरुंद, अशी आख्यायिका. आज त्या बाजूला उकाई धरणाचा फुगवटा आहे. भरती-ओहोटीचं पाणी सुरतेच्या वर थोडंच येतं. शिडाचं गलबत हरणफाळ चढून थाळनेरला येणं अशक्य. मोठी जहाजं तर खुद्द सुरतेच्या धक्क्यालाही लागत नसत. ती नदीच्या मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून किंवा गाड्यांतून शहरात येई.

तरी म्हाताऱ्यांच्या डोक्यात गलबत आलं कुठून? मला वाटतं, दोन गोष्टींची सरमिसळ झाली. एक म्हणजे लाकूड. डांगातलं आणि तापीकाठच्या जंगलांतलं सागवान सुरतेला जाई. सुरतेला जहाजं बांधली जात. लवजी नसरवानजी वाडिया हा जहाजबांधणीतला नामी कारागीर सुरतेचाच. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुंबईला नेलं आणि मुंबईच्या गोदीचं भाग्य उघडलं. म्हणजे आपल्याकडचं झाड समुद्रावर गेलं, जहाज इकडे आलं नाही. गोष्टीत दिशा उलटली. दुसरी गोष्ट, थाळनेरची नाव स्वतःच एवढी मोठी होती की पोरासोरांना ती गलबतच वाटावी.

ती नाव मी पाहिली आहे. अगदी शेवटच्या दिवसांतली. सागाच्या फळ्या, रुंद सपाट तळ, दोन्ही टोकं वर उचललेली. फळ्यांच्या फटींत चिंध्या ठासून वर डांबर. म्हातारा नावाडी सांगायचा, पूर्वी डांबर नव्हतं, राळ तेलात कढवून लावत. तळाशी कायम टाचभर पाणी आणि ते उपसायला डालड्याचा डबा. लांब बांबू तळाला टेकवून नाव रेटायची, पाणी खोल झालं की वल्ही. पुराच्या दिवसांत ती सरळ पलीकडे नेता येत नसे. आधी चार-पाच माणसं दोर धरून काठाकाठाने तिला प्रवाहाच्या वर ओढत नेत, चांगली फर्लांगभर. मग सगळे उड्या टाकून आत बसत आणि नाव सोडून देत. पाणी तिला खाली खेचणार, माणसं तिला आडवी रेटणार, आणि या दोन जोरांचा हिशेब बरोबर बसला तर ती समोरच्या घाटालाच लागणार. हिशेब चुकला तर अर्धा कोस खाली आणि मग चिखलातून चालत या. नावाड्याची हुशारी सगळी त्या सुरुवातीच्या ओढण्यात असे. किती वर न्यायची हे तो पाण्याच्या रंगावरून ठरवी. लालसर पाणी म्हणजे सातपुड्याकडचा पाऊस, काळपट म्हणजे दक्षिणेकडच्या नद्या भरून आल्या. दोन्हींचा वेग वेगळा, असं त्याचं म्हणणं.

गाडी न्यायची तर दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या टाकत. बैल नावेत चढायला राजी नसत; त्यांच्या डोळ्यांवर गोणपाट टाकावं लागे. म्हशी मात्र शेपटीला राखणदार लटकवून पोहत जात आणि नावेच्या आधी पोचत. लग्नाचं वऱ्हाड असेल तर नवरीने आधी तापीची ओटी भरायची, मगच पाय नावेत. गावकरी नावाड्याला पैसे देत नसत, खळ्यावर धान्य देत. परक्या वाटसरूने रोख मोजायचे. इंग्रजांनी १८६८ साली कायदा करून या नावांवर सरकारी अंमल बसवला आणि मोठ्या घाटांचे मक्ते दिले जाऊ लागले. मक्तेदार आला तशी खळ्यावरच्या धान्यावरून भांडणं सुरू झाली. नदी तुमची कधीपासून, हा प्रश्न आमच्या नावाड्याच्या बापाने मक्तेदाराला विचारला होता आणि त्याबद्दल एक रात्र चावडीत काढली होती. ही गोष्ट तो दर उन्हाळ्यात सांगे, दरवेळी मक्तेदार थोडा जास्त लठ्ठ होई.

भोई आणि कोळी यांची ही कामं. पावसाळ्यात नाव, हिवाळ्यात जाळं, आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या. वाळूत हात-दीड हात खड्डा केला की ओल लागायची, त्यात शेणखत टाकून बी लावायचं. आम्ही पोरं दुपारी तिथंच पडलेली असायचो.

फौजांच्या गोष्टी आप्पा रंगवून सांगत. फौज येतेय अशी हूल उठली की नावाडी नावेत दगड भरत आणि तिला डोहात बुडवून ठेवत. फौज काठावर येऊन बसे, उतार शोधत फिरे. ती गेली की बुडी मारून दगड काढायचे, नाव पुन्हा वर. फौज कुणाची, हे मात्र आप्पांच्या लहरीवर असे. कधी मोगलांची, कधी होळकरांची, कधी पेंढाऱ्यांची. एकदा मी शिवाजी महाराजांची फौज आली तेव्हाही नाव बुडवली होती का, असं विचारलं. आप्पा जरा थांबले आणि म्हणाले, महाराजांना नाव लागतच नव्हती.

महाराजांचं नाव या खोऱ्याशी जोडलेलं आहे ते सुरतेमुळेच. १६६४ ला पहिली सुरत, १६७० च्या ऑक्टोबरात दुसरी, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला मराठ्यांच्या फौजा खानदेशात घुसून पार वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेल्या. शाळेत आपण दुसरी सुरत आणि ही खानदेशची चढाई या दोन वेगवेगळ्या मोहिमा म्हणून शिकतो. खानदेशात बसून पाहिलं तर ती एकच मोहीम वाटते. सुरतेची तिजोरी आधी समुद्राच्या टोकाला फोडली, मग जिथून ती भरत होती त्या टोकाला. धरणगावला इंग्रजांची कापडाची वखार होती. १६७५ मध्ये तीही मराठ्यांच्या तडाख्यात सापडली. धरणगाव जळगाव जिल्ह्यात, समुद्रापासून किती आत! तिथं इंग्रजाने वखार घातली ती हवापालटासाठी नव्हे.

बुऱ्हाणपूरचं तलम कापड तर इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचं ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिलंय. हा गृहस्थ सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने गेला होता. वाटेत नवापूरचा भात त्याला असा आवडला की त्याला कस्तुरीचा वास येतो म्हणाला, आणि इराणात कुणाला भेट द्यायची तर या तांदळाचं पोतं न्यावं, अशी शिफारसही केली. नवापूर, आपलं नवापूर! आधी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात, आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेलं. मला फिंच, ताव्हर्निये यांची पुस्तकं याच कारणासाठी आवडतात. बादशहांबद्दल ते काय लिहितात ते सोडा, पण जेवणाबद्दल सहसा थापा मारत नाहीत.

टॉमस रो याच वाटेने १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला पोचला. इंग्लंडच्या राजाचा वकील, जहांगिराच्या भेटीला निघालेला. बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझचा दरबार होता. रोने भेटीदाखल दारूच्या बाटल्यांची पेटी पाठवली आणि पुढची खासगी मुलाखत झालीच नाही, कारण शहजादा पेटीतच गुंतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या भारतातल्या मुत्सद्देगिरीचे सुरुवातीचे दिवस हे असे, तापीच्या काठावर.

या सगळ्याच्या आधी थाळनेर राजधानी होतं, हे खुद्द खानदेशातही फार जणांना ठाऊक नसतं. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा या सरदाराला थाळनेर आणि करवंद जहागीर दिली. त्याने त्यातून स्वतंत्र राज्य उभं केलं. हेच फारुकी घराणं. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासीरखान असीरगड घेऊन वर सरकला, बुऱ्हाणपूर वसवलं आणि १४१७ मध्ये धाकट्या भावाकडून थाळनेरही काढून घेतलं. राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. पण पहिल्या फारुकींच्या कबरी थाळनेरलाच राहिल्या. घुमट काळ्या दगडाचे. एक आठकोनी आहे. त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम दुपारच्या तिरप्या उन्हात पाहावं. किल्ल्याचं म्हणाल तर नदीने त्याचा बराच भाग खाल्लाय. दरडीच्या कडेला उभं राहिलं की खाली मातीत विटांचे थर दिसतात. बादशहा अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपवलं. पुढे दुसऱ्यांच्या राज्यात थाळनेर नदीवरचं नाकं म्हणून राहिलं. नाक्याला मरण नसतं. जो राजा येईल त्याला नदी ओलांडायचीच असते.

१८१८ च्या फेब्रुवारीत मात्र घाव बसला. महिदपूरला होळकर हरले, मंदसोरच्या तहात खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला. किल्ल्यात तुळशीराम मामा हा किल्लेदार आणि तीनेकशे अरब शिपाई. शरणागतीच्या बोलण्यात घोळ झाला, दरवाज्यात चकमक उडून दोन इंग्रज अधिकारी पडले, आणि मग शिबंदी कापली गेली. किल्लेदाराला फाशी. पुढे हिस्लॉपच्या आभाराचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला तेव्हा या फाशीबद्दल तिथंही प्रश्न उठले. आप्पा एका बुरुजाच्या पायथ्याशी नेऊन जागा दाखवत आणि हात जोडत. जागा तीच होती का, मला माहीत नाही. हात जोडावेत असं तिथं घडलं होतं, हे खरं.

गुजरातशी सोयरीक तरी किती जुनी! खानदेशातले लाड वाणी आपलं मूळ लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत सांगतात. तापीकाठच्या बाजारपेठांत गुजराती पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेरच. त्यांच्या आईचे वडील हरिदास लाड हे थाळनेरचे गुजराती व्यापारी. आजीकडून ऐकलेल्या गुजराती गाण्यांची आठवण लताबाई सांगत. नदीच्या वाटेने मीठ आलं तसा गरबाही आला.

मग सुरतेचं काय झालं? एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, मुंबई. दुसरं आपल्या पायाखाली आहे. तापी दर पावसाळ्यात काळी माती घेऊन जाते आणि मुखाशी टाकते. सुरतेचं पात्र गाळाने भरत गेलं. त्या गाळात बैतुलची माती आहे, वऱ्हाडची आहे आणि खानदेशची तर भरपूर. ज्या मुलखाने सुरतेला श्रीमंत केलं त्याच मुलखाच्या मातीने तिचं बंदर उथळ केलं.

आणि तिसरं कारण रेल्वे. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेले. नेमका तोच अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. मँचेस्टरला कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो सगळा कापूस मुंबईला गेला. जळगाव एरवी लहानसं गाव, ते जिनिंग-प्रेसिंगचं शहर झालं. तापीकाठची जुनी गावं, थाळनेर, चोपडा, नंदुरबार, रुळांपासून लांब पडली. नंदुरबारला १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे आली आणि सुरत पुन्हा जवळ आली, पण तोवर सुरतेचं बंदर राहिलं नव्हतं. थाळनेरला रेल्वे आलीच नाही. पूल झाले, डांबरी रस्ते झाले, नाव काठावर उलटी पडली. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथं बॅरेज झाले आणि पात्रात बारमाही पाणी तुंबून राहिलं. शेतीला ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. वाळूतल्या वाड्या मात्र गेल्या.

समुद्र पाहायचा तर खानदेशात एक जागा आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो आणि त्यांना अजिंठ्याला नेतो. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण जग उतरतं जळगाव स्टेशनवर. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, नाळेवर डोळा, मागे मोठं वल्हं आणि एका बाजूला ओळीने ठेवलेली मडकी. गोष्ट शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार जातो, वादळात सापडतो, आणि पूर्ण त्याला वाचवतो. चित्र पाचव्या शतकातलं. मला नेहमी वाटतं, ही मडकी रंगवणाऱ्याने जहाज जवळून पाहिलेलं असणार, किंवा पाहिलेल्याकडून खोदून खोदून विचारून घेतलेलं असणार. देवाच्या गोष्टीला मडक्यांची गरज नव्हती. लेण्यांच्या पायथ्याशी वाघूर वाहते. ती जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. म्हणजे त्या जहाजाखालचं पाणी खरोखरच सुरतेच्या समुद्राला जातं.

आजीने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन करून ती नदीवरून यायची तेव्हा आम्ही विचारायचो, कानबाई आता कुठं जाईल? “सुरतले,” ती पदराने हात पुसत सांगायची, “तठून मंग समिंदरमा.” मधली धरणं तिच्या हिशेबात नव्हती.

ज्याला ही वाट पाहायची आहे त्याने चांगदेवपासून सुरुवात करावी. तिथं पूर्णा तापीला मिळते, संगमावर चांगदेवाचं जुनं देऊळ आहे. तिथून वर बुऱ्हाणपूर. शाही किल्ल्याच्या सज्जातून तापी आणि पलीकडचं झैनाबाद दिसतं. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली. मिर्झाराजे जयसिंगही १६६७ मध्ये इथंच वारले, त्यांची छत्री नदीकाठी आहे. मग खाली थाळनेर. शिरपूरहून रस्ता बरा आहे. घुमटांच्या आसपास काटेरी झुडपं माजलेली असतात, सकाळी जावं, पायांत बूट असावेत. पुढे सारंगखेडा, दत्तजयंतीला गेलात तर घोड्यांचा बाजार भरलेला असेल. मग प्रकाशा. तिथल्या पांढरीच्या टेकाडात १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर निघाले. गोमाई आणि तापीच्या संगमावर माणूस तेव्हापासून राहतोय. शेवटी सुरत. तिथला किल्ला नदीवर आहे, आणि हजच्या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेल्या मोगल सराईत आज महानगरपालिकेची कचेरी आहे. इमारत वापरात राहिली म्हणून टिकली. थाळनेरच्या घुमटांना तेवढंही नशीब मिळालेलं नाही.

आप्पा गेले, फड मोडला. तो म्हातारा नावाडीही गेला. पण तापीकाठच्या गावांत नाव हाकलेली काही माणसं अजून असतील, ऐंशीच्या घरातली. दोर किती वर ओढायचा, राळ कशी कढवायची, पाण्याचा रंग कसा वाचायचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही, आणि ते कुठल्या दप्तरातही नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, शिरपूर-चोपडा-अमळनेरला चांगली कॉलेजं आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीत मोबाईल देऊन या माणसांकडे पाठवावं. बोलणं अहिराणीतच घ्यावं, प्रमाण मराठीत करत बसू नये. आणि हे येत्या उन्हाळ्यातच करावं.